ढिगाऱ्याच्या पोटातलं पाणी

येडशीच्या स्टेशनात एके काळी बार्शी लाईटची छोटी गाडी थांबत असे. १९०७ साली हा लोहमार्ग बार्शीहून पुढे तडवळ्यापर्यंत आला आणि १९११ मध्ये लातूरला पोचला. कोळशावरच्या त्या इंजिनाचा धूर जुन्या माणसांना अजून आठवतो. आपल्या बालाघाटाच्या काळ्या दगडात कोळसा नाही. तो दुरून यायचा, जळायचा, त्याची राख व्हायची. पण तो काढताना वरची जी दगडमाती उपसावी लागली, ती मात्र खाणीपाशीच राहिली. आजची गोष्ट त्या ढिगाऱ्यांची आहे.

ढिगारा आपल्यालाही नवा नाही. विहीर खोदताना निघालेला मुरूम काठावर पडतो. जाणती माणसं तो लगेच लांब सारायला लावतात. कारण पावसात तो भिजतो, जड होतो आणि पुन्हा विहिरीत उतरतो. कोरड्या ढिगाऱ्यात दगडाला दगड अडून बसलेला असतो. आत पाणी साठलं की ते कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं, त्यांची पकड सुटते. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं आणि एक दिवस अख्खा उतार चिखल होऊन निघतो.

हे जगाला फार मोठी किंमत मोजून कळलं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये ॲबरफॅन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. गावाच्या वरच्या डोंगरावर १९५८ पासून सात नंबरचा ढिगारा रचला जात होता, तोही जिवंत झऱ्यांवर. ते झरे नकाशात दाखवलेले होते. १९६३ मध्ये नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागच्या या धोक्याबद्दल पत्र लिहिलं. १९६५ मध्ये मुलांच्या आयांनी शाळेत शिरणाऱ्या पाण्याबद्दल अर्ज दिला. ढिगारा त्याआधी घसरलाही होता. पण त्याची पद्धतशीर तपासणी करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

२१ ऑक्टोबर १९६६. सकाळी वर गेलेल्या कामगारांना ढिगाऱ्याचा माथा काही फूट खचलेला दिसला. सव्वानऊच्या सुमारास तो खाली आला. शाळा नुकतीच भरली होती. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं होती.

चौकशी समितीने १९६७ मध्ये सरकारी कोळसा मंडळाला दोषी ठरवलं. दोन वर्षांनी ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण गावावर उरलेले ढिगारे हलवायला सरकारने मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले. लोकांनी मृतांच्या कुटुंबांसाठी दिलेले ते पैसे परत मिळायला १९९७ साल उजाडलं.

आता आपल्याकडे या. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ भागात खुल्या खाणी वाढल्या, तसे डोंगरही वाढले. खाणीवरची माणसं या दगडमातीला ‘ओबी’ म्हणतात. चंद्रपूरकडे इरई आणि वर्धा नदीच्या काठाने हे डोंगर दिसतात; पूर आला की नदीचं पात्र त्यांनी आवळलं, ही तक्रार तिथे नेहमी ऐकू येते. त्या भागात वरचा थर काळ्या मातीचा. ही माती ओली झाली की किती निसरडी होते, हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून ती ढिगाऱ्याच्या तळाशी गाडायची नसते, बाजूला राखून शेवटी वरून पसरायची असते.

नियम आपल्याकडेही आहेत. १९५७ चे कोळसा खाण विनियम होते, त्यांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली. ढिगारा तीस मीटरपेक्षा उंच करायचा तर पायऱ्या पाडायच्या, एक पायरी तीस मीटरच्या वर न्यायची नाही. तरीही २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमधल्या राजमहल खाणीत दगडमातीचा प्रचंड भाग घसरून २३ कामगार गाडले गेले. नियम कागदावर राहतो, उतार रोज बदलतो.

म्हणून पहारा लागतो. माथ्यावर भेग दिसते का, पायथा फुगतो का, तिथून गढूळ पाणी पाझरतं का, हे डोळ्यांनी बघायचं. खुंट्या रोवून त्या किती सरकल्या ते मोजायचं. नळ्या उतरवून आतल्या पाण्याची पातळी बघायची. वरचं पाणी आत मुरू नये म्हणून भोवती चर काढायचा आणि पावसाळ्याआधी तो उपसायचा. आता रडार आणि उपग्रहही मिलिमीटरच्या हिशेबात हालचाल सांगतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने अशा ओसाड ढिगाऱ्यांवर झाडं वाढवण्याचं तंत्र बसवलं. मुळं वरची माती धरतात. पण मुळं खोलवरचं पाणी अडवत नाहीत, चराची जागा झाड घेत नाही.

आणि खाण बंद पडली म्हणून ढिगारा निवृत्त होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी पावसात वेल्समधल्याच टायलर्सटाउनला जुना ढिगारा घसरला. सुदैवाने माणूस दगावला नाही. मग मोजणी झाली, तेव्हा एकट्या वेल्समध्ये असे सुमारे अडीच हजार ढिगारे निघाले. त्यांच्या देखरेखीचा नवा कायदा २०२५ मध्ये झाला, म्हणजे ॲबरफॅननंतर ५९ वर्षांनी.

आपल्या खाणीही कधीतरी संपतील. कंपनी जाईल, कामगार जातील, डोंगर मात्र राहतील आणि दर मृगात त्यांच्यावर पाऊस पडेल. तेव्हा तिथला चर कोण उपसणार, हे आजच ठरलं पाहिजे. त्या आयांचा अर्ज कुणी वेळेवर मनावर घेतला असता, तर तो ढिगारा गावावर कोसळण्याआधीच थांबवता आला असता.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)