बिस्मथची अतिसंवाहकता आणि पृष्ठअवस्थांचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१९११ मध्ये लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्यातील अतिसंवाहकता शोधली. सामान्य दाबाखालील स्फटिकरूप बिस्मथमध्ये मात्र ती त्यानंतर शंभर वर्षे आढळली नाही. तिचा शोध मुंबईत लागला. हा शोध आणि टोपॉलॉजिकल पृष्ठअवस्था यांचा परस्परसंबंध तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मुंबईतील संशोधन :
टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची परंपरा जुनी आहे. यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विन तापमानाला अतिसंवाहकता आढळल्याचे तेथील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये एस. रामकृष्णन व सहकाऱ्यांनी अतिशुद्ध बिस्मथ स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतो असे दाखविले. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच मुक्त इलेक्ट्रॉन असतो. म्हणूनच १९५७ चा बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धान्त रूढ स्वरूपात येथे अपुरा पडतो.

पृष्ठअवस्थांचा प्रश्न :
बिस्मथ-अँटिमनी मिश्रधातू आतून विसंवाहक, परंतु पृष्ठभागावर संवाहक असेल, असे भाकीत फू व केन यांनी २००७ मध्ये केले. २००८ मध्ये प्रिन्स्टन येथील संशोधकांच्या प्रयोगाने त्यास पुष्टी मिळाली. अशा पृष्ठभागाला अतिसंवाहकाचे सान्निध्य लाभल्यास त्यावर मायोराना अवस्था निर्माण होतील, असेही त्या दोघांनी २००८ मध्येच मांडले. क्वांटम संगणकाची एक आशा या अवस्थांवर आधारलेली आहे. साहजिकच मुंबईच्या शोधालाही टोपॉलॉजिकल अतिसंवाहकतेचे लेबल लावण्याचा मोह होतो.

तथापि, येथे पुराव्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. शून्य विद्युतरोध पृष्ठभागावरील एखाद्या अरुंद मार्गामुळेही दिसू शकतो. याउलट, माइस्नर व ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखविलेले चुंबकीय क्षेत्राचे उत्सर्जन संपूर्ण पदार्थाची साक्ष देते. मुंबईतील पुरावा चुंबकीय मापनाचा आहे. अर्थात तो बिस्मथच्या अंतर्भागाविषयी बोलतो. पृष्ठअवस्थांसाठी स्वतंत्र पुरावा आवश्यक ठरतो.

समारोप :
कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात विद्युतनिक्षेपणाने अतिसंवाहक पातळ थर तयार करण्याचे कार्य झाले आहे. थर जितका पातळ, तितका त्यात पृष्ठभागाचा वाटा अधिक. त्यामुळे ‘मापन नेमके कशाचे झाले?’ हा प्रश्न येथील विद्यार्थ्यांनाही तितकाच निकटचा आहे. शोधाचे मोल त्याला लाभलेल्या नावावरून नव्हे, तर पुरावा जेथवर पोहोचतो त्यावरून ठरते, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.