करोल बाग : खुला बाजार आणि नगरशासन

जागतिकीकरणामुळे विकसनशील देशांतील शासनसंस्था दुबळी होते, असे एक मत आहे. त्यामुळे ती कार्यक्षम होते, असे दुसरे. दोन्ही मते शासन एकजिनसी आहे असे गृहीत धरतात. दिल्लीतील करोल बागेचा इतिहास पाहिला, म्हणजे बंदरावरचे शासन आणि गल्लीतले शासन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात येते.

नव्या राजधानीच्या उभारणीसाठी उठवलेल्या गावांतील लोकांना येथे वसवण्यात आले. १९२१मध्ये येथील तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले; त्याचे संस्थापक हकीम अजमल खान यांचे नाव येथील मुख्य बाजाररस्त्याला आहे. १९४७च्या फाळणीत अनेक मुस्लिम कुटुंबे येथून गेली आणि पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. राहते घर आणि पोटाचा धंदा यांची सरमिसळ ही त्या काळाची गरज होती.

येथील एका बाजारास खान अब्दुल गफ्फार खान यांचे नाव मिळाले. आयातबंदीच्या दशकांत मुंबईकरांना जसे मनीष मार्केट, तसे दिल्लीकरांना हे गफ्फार मार्केट. घड्याळे, टेपरेकॉर्डर, अत्तरे असा ‘फॉरेनचा माल’ येथे मिळे. साधेपणाचा आदर्श असलेल्या नेत्याचे नाव चोरट्या मालाशी जोडले जावे, हा इतिहासाचा उपरोधच होय.

या व्यापाराचा पाया छाप्यांपेक्षा धोरणाने अधिक उखडला. १९९१च्या आर्थिक सुधारणांनंतरही ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध टिकून होते. अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेने १९९९मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले. जिनिव्हातील निवाड्याने करोल बागेतील दुकानांचे गणित बदलले. तस्करीतील नफा आटला. गफ्फार मार्केट पुढे मोबाइलच्या विक्री-दुरुस्तीसाठी ओळखले जाऊ लागले.

बंदरावरचे शासन असे मागे सरले. गल्लीतले शासन मात्र पुढे आले नाही. वास्तविक शहरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९२चीच. सुधारणांची जणू धाकटी बहीण. परंतु माल आणि गिऱ्हाईक वाढले, त्या प्रमाणात नगरपालनाची कुवत वाढली नाही. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून निवासी भागांतील बेकायदा दुकानांना दिल्लीभर टाळी ठोकली जाऊ लागली, तेव्हा व्यापारी रस्त्यावर उतरले. संसदेने एका वर्षापुरते संरक्षण देणारा कायदा केला. ती तात्पुरती सवलत वारंवार वाढवण्यात आली. २०२३मध्ये तिची मुदत २०२६च्या अखेरपर्यंत नेण्यात आली. मधल्या काळात, २०१२मध्ये महानगरपालिकेचे तीन तुकडे झाले आणि २०२२मध्ये ते पुन्हा सांधले गेले.

या चालढकलीची किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही. १२ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे करोल बागेतील एका हॉटेलला आग लागून १७ जण मृत्युमुखी पडले. इमारतीचा जिना, गच्ची, बाहेर पडण्याची वाट यांची तपासणी जिनिव्हात होत नाही. ती वॉर्डातच व्हावी लागते.

म्हणून जागतिकीकरणाने शासन घटले की वाढले, हा प्रश्नच अपुरा आहे. वेस उघडल्यावर गावातली पहाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. ती घरोघर वाटली जाते. ती वाटून घेणारी व्यवस्था उभी राहिली नाही, तर मुदतवाढीलाच लोक स्थैर्य समजू लागतात.