जुन्या खेळाचा जीर्णोद्धार

आज मी आपल्याशी एका खेळाविषयी बोलणार आहे. हा खेळ हुतूतूचा नव्हे, आट्यापाट्यांचा नव्हे, की सोंगट्यांचाही नव्हे. तो संगणकाच्या पडद्यावर खेळायचा, आणि तोही बंदूक चालवून. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने असल्या विषयावर बोलावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. शिक्षकबंधूंच्या कपाळाला तर आठ्याच पडतील. "आमची मुले आधीच मोबाईलला चिकटलेली, त्यात तुम्ही आणखी तेल कशाला ओतता?" असे ते विचारतील. त्यांचा राग मला समजतो. पण या खेळाने इतिहासातला एक जुनाच प्रश्न मला नव्याने घातला, आणि त्याचे उत्तर शोधताना माझी स्वतःचीच एक चूक हाती लागली. ती आपल्यापुढे मांडावी, एवढाच हेतू.

प्रथम खेळाची हकीकत सांगतो. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'डूम' नावाचा खेळ निघाला. पडद्यावर समोर फक्त आपल्या हातातली बंदूक दिसायची. बाकी सारे जग आपणच चालत चालत पाहायचे आणि पुढे येईल त्या राक्षसाला गोळी घालायची. कथा म्हणाल तर नावापुरती. पुढे १९९६ साली गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून वॉशिंग्टन राज्यात 'व्हॉल्व्ह' नावाची कंपनी काढली. 'डूम' करणाऱ्यांनीच रचलेल्या 'क्वेक' या खेळाचे एंजिन, म्हणजे खेळ चालवणारी मूळ यंत्रणा, त्यांनी परवाना घेऊन वापरली आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलली. १९९७ साली खेळ बाजारात आणायचा बेत होता. पण झालेले काम पाहून त्यांचे समाधान होईना. तेव्हा त्यांनी पुष्कळसा भाग मोडून पुन्हा उभा केला. अखेर १९ नोव्हेंबर १९९८ रोजी तो खेळ बाहेर पडला. त्याचे नाव 'हाफ-लाइफ'.

विज्ञानाच्या शिक्षकांना हे नाव ओळखीचे आहे. किरणोत्सारी पदार्थाचे अणू ठराविक गतीने विघटन पावत असतात. त्यांपैकी निम्मे अणू सरायला जो काळ लागतो त्याला 'हाफ-लाइफ', म्हणजे अर्धायुष्य, म्हणतात. त्या विघटनाच्या वेगाचे चिन्ह म्हणजे ग्रीक अक्षर लॅम्डा. तेच अक्षर या खेळाची खूण झाले.

कथा घडते अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटात. ही जागा उगाच निवडलेली नाही. याच राज्यात लॉस अलामॉस येथे १९४३ पासून अणुबॉम्बचे काम चालले, आणि याच राज्यात १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. वाळवंटाच्या पोटात काहीतरी गुप्त चालले आहे, ही कल्पना त्या भूमीला नवी नाही. खेळात 'ब्लॅक मेसा' नावाचे एक प्रचंड संशोधनकेंद्र जमिनीखाली वसलेले आहे. मेसा म्हणजे माथ्यावर सपाट असलेला डोंगर. आपल्याकडे सह्याद्रीवर असतात तसलेच काहीसे. तिथे गॉर्डन फ्रीमन नावाचा सत्तावीस वर्षांचा पदार्थविज्ञानाचा पंडित नोकरीला आहे. आपण खेळणारे म्हणजेच तो.

सुरुवातीलाच गंमत आहे. लोकांची अपेक्षा असते की खेळ सुरू झाला की धडाधड गोळ्या सुटणार. इथे आपण एका टांगत्या गाडीत बसतो, आणि चांगली पाचएक मिनिटे गाडी त्या भुयारांतून नुसती फिरवत नेते. खिडकीतून कामगार दिसतात, यंत्रे दिसतात, दाराशी ताटकळलेला एखादा पहारेकरी दिसतो. मग प्रयोगशाळेत एक प्रयोग होतो, तो फसतो, आणि 'झेन' नावाच्या दुसऱ्याच जगाचे दार उघडून तिथले जीव इकडे येऊ लागतात. फ्रीमनच्या हाती पहिले हत्यार पडते ते बंदूक नव्हे, तर लोखंडी कटावणी. वाचलेले लोक म्हणतात, "लष्कर येते आहे, आता सुटका होणार." लष्कर येते खरे, पण ते झाला प्रकार कायमचा दडपायला आलेले असते, आणि शास्त्रज्ञांवरच गोळ्या झाडते. हे आपल्याला कोणी कथन करून सांगत नाही. सारा खेळ फ्रीमनच्या डोळ्यांनी चालतो. जे घडते ते आपल्यासमोर घडते आणि त्याचा अर्थ आपणच लावायचा. याच गोष्टीसाठी त्या खेळाचे नाव झाले.

एक उणीव मात्र राहिली. शेवटी फ्रीमन स्वतःच झेनमध्ये उडी घेतो. तो भाग करताना वेळ अपुरा पडला. चांगल्या पंक्तीत शेवटचे ताट घाईने वाढावे, तसा तो झाला. खेळणाऱ्यांनी ही तक्रार वर्षानुवर्षे केली.

२००४ साली कंपनीने याच कथेचा दुसरा खेळ काढला. त्यासाठी 'सोर्स' नावाचे नवे एंजिन केले, आणि जुना खेळही त्यावर चढवून पुन्हा विकायला ठेवला. लोकांना वाटले, आता जुन्याला नवे रूप मिळेल. पाहतात तो नव्या चुलीवर शिळाच भात गरम केलेला! तेव्हा काही हौशी मंडळींनी ठरवले की हे काम आपणच करू. दोन निरनिराळे गट होते, ते २००५ साली एकत्र आले. पगार नाही, कचेरी नाही. माणसे वेगवेगळ्या देशांत. नोकरी आणि अभ्यास सांभाळून उरलेल्या वेळात काम करणारी. २००९ साली खेळ देऊ असे त्यांनी जाहीर केले, ते साल निघून गेले. लोक थट्टा करू लागले. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये 'ब्लॅक मेसा' या नावाने त्यांनी तो फुकट वाटला. झेनच्या दाराशी येऊन तो थांबत होता. पुढचा भाग करायला आणखी वर्षे लागली, आणि मार्च २०२० मध्ये संपूर्ण खेळ तयार झाला.

यात मूळ कंपनीचे वागणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कथा तिची, नाव तिचे. कायद्याचा बडगा उगारून तिला हे काम एका पत्राने बंद पाडता आले असते. तिने तसे केले नाही. उलट पुढे त्या मंडळींना आपला खेळ पैसे घेऊन विकायची परवानगी दिली, आणि २०१५ पासून तो मूळ खेळाच्या शेजारीच विक्रीला राहिला.

आता माझी चूक सांगतो. मूळ खेळ मी विद्यार्थिदशेत, वसतिगृहातल्या एका मित्राच्या संगणकावर, रात्री जागून खेळलो होतो. पुढे वीस वर्षे त्याला हात लावला नाही. मग 'ब्लॅक मेसा' हाती आला. टांगती गाडी सुरू झाली आणि मला वाटले, अरे, अगदी हेच! तेच भुयार, तोच प्रकाश, तीच माणसे. काही बदलले आहे असे वाटलेच नाही. त्या आनंदात मी मित्रांना सांगत सुटलो की बघा, १९९८ साली किती पुढचा विचार केला होता. त्या केंद्रात पांढरे डगले घातलेल्या शास्त्रज्ञ स्त्रियासुद्धा होत्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मूळ खेळाला पंचवीस वर्षे झाली. कंपनीने तो नीटनेटका करून काही दिवस फुकट दिला. मी तो घेतला, सुरू केला, आणि चपापलो. भिंती म्हणजे नुसती रंगवलेली पाटी. मला प्रचंड वाटलेले दालन चार पावलांत संपले. शास्त्रज्ञांचे चेहरे अवघे तीन-चार, तेच फिरून फिरून येणारे. आवाजही साऱ्यांना एकाच नटाचा. आणि त्या साऱ्या शास्त्रज्ञांत बाई एकही नाही! त्या स्त्रिया नव्या खेळातल्या होत्या. मी त्यांना नकळत माझ्या विद्यार्थिदशेत नेऊन बसवले होते.

वाचकहो, इथे मला खेळ विसरून माझ्या धंद्याची आठवण झाली. नवा खेळ जुन्यासारखा नव्हता. तो माझ्या आठवणीतल्या जुन्यासारखा होता. करणाऱ्यांनी जे आम्हा सर्वांना आठवत होते तेच घडवले, आणि फार प्रेमाने घडवले. स्त्रिया आणल्या हे तर योग्यच केले. पण कुणी केवळ नवा खेळ पाहून १९९८ सालाविषयी लिहू लागला, तर तो माझ्यासारखाच फसेल. त्या काळच्या हुशार माणसांना प्रयोगशाळेचे चित्र काढताना तिथे स्त्री सुचलीच नाही, ही गोष्ट त्याला कधी कळणारच नाही. जुन्यातले जे व्यंग, तेच इतिहासकाराला कित्येकदा सर्वांत मोलाचे असते. आणि डागडुजीत पहिले जाते ते नेमके तेच.

मग डागडुजी करूच नये काय? आपल्या परंपरेत याची दोन उत्तरे आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला करताकरता तिच्यात शिरलेले अपपाठ त्यांनी काढले, आणि पुढच्यांना बजावले की यात आपली ओवी घालू नका. स्वतः एवढे मोठे कवी, पण तिथे पदरचे काही घातले नाही. हे एक उत्तर. दुसरे उत्तर देवळाच्या जीर्णोद्धाराचे. तिथे पडलेले शिखर पुन्हा बांधतात, पूर्वी नव्हता तो सभामंडपही जोडतात. देव तोच राहिला म्हणजे भाविकांना ते देऊळ जुनेच वाटते.

'ब्लॅक मेसा'ने दोन्ही वाटा धरल्या. बहुतेक खेळात ती मंडळी नाथांच्या शिस्तीने चालली. प्रसंगांचा क्रम, जागा, संवादांचा रोख शक्यतो तसाच ठेवला. झेनमध्ये मात्र त्यांनी देवळाचा न्याय लावला. जुन्यात ओसाड खडक होते, तिथे झाडी, पाणी, जीवजंतू यांनी भरलेले एक जगच उभे केले, आणि तो भाग मुळापेक्षा कितीतरी मोठा झाला. खेळताना मला तो आवडला. क्वचित लांबलाही वाटला. पण त्यांनी अपराध केला असे मी म्हणणार नाही. कारण देवळाचा जुना दगड काढला की तो गेला. इथे मूळ खेळ जागच्या जागी शाबूत आहे. ज्याला पाहायचे त्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. पंचविसाव्या वर्षी कंपनीनेही हेच केले. मूळ खेळ पुढे ठेवला, आणि २००४ सालची ती अर्धवट नक्कल दुकानाच्या दर्शनी मांडणीतून मागे सारली.

बंदुकीविषयी एक शब्द बोलायलाच हवा. हा खेळ लहान मुलांचा नाही. त्यात रक्तपात आहे, आणि अमेरिकेतही तो सतरा वर्षांपुढच्यांसाठी आहे अशीच खूण त्यावर असते. शाळेतल्या मुलांना तो द्या, असे माझे सांगणे मुळीच नाही. मी सांगतो आहे ते तुमच्याआमच्यासाठी, म्हणजे जुन्याचे नवे करण्याचे काम ज्यांच्या हातून रोज घडते त्यांच्यासाठी.

आता हेच पाहा ना. शाळेचे जुने जनरल रजिस्टर जीर्ण झाले म्हणून आपण ते नव्या वहीत किंवा संगणकात उतरवून घेतो. उतरवताना एखाद्या मुलाचे चुकीचे वाटलेले नाव सुधारतो, जातीचा जुना उल्लेख आजच्या पद्धतीने लिहितो, न लागलेले अक्षर अंदाजाने लावतो. हेतू चांगला असतो. मग जुने दप्तर जागा अडवते म्हणून रद्दीत जाते. घराघरांतल्या मोडीच्या रुमालांचे तेच. आजीने सांगितलेली गावाची हकीकत आपण सजवून लिहितो आणि पुढे तीच आजीची म्हणून सांगतो. अशा वेळी खेळातल्या त्या शास्त्रज्ञ स्त्रियांची आठवण ठेवा. मी काही खोटे बोलत नव्हतो. मला ते खरोखर तसेच आठवत होते. मूळ खेळ उपलब्ध नसता तर माझी चूक मला कोणी दाखवली असती?

तेव्हा नवे जरूर करा, आणि त्या हौशी मंडळींइतक्याच चिकाटीने करा. फक्त नव्या वहीच्या पहिल्या पानावर काय बदलले ते लिहून ठेवा, आणि जुनी वही कपाटात राहू द्या. वाळवी लागू नये म्हणून अधूनमधून तिला ऊन दाखवा. ती उघडून पाहणारा कोणीतरी पुढे येईलच; आणि तो आपली चूक दुरुस्त करील, तर त्याचे आपण आभारच मानायला हवेत.