सिलिंडर हेड : बिडाचे व ॲल्युमिनियमचे

इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारे झाकण. झडपा आणि ज्वलनकक्षाचा वरचा भाग त्यातच असतो. बीड जिल्ह्यात ऊस ओढणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांना कंपनीकडूनच ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे, हेड येते; नव्या मोटारगाड्यांत मात्र ॲल्युमिनियमचे आढळते.

बिडाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 7.2 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7 ग्रॅम. ॲल्युमिनियम उष्णता जवळपास तिप्पट वेगाने वाहून नेते, पण तापल्यावर दुपटीने प्रसरण पावते. त्यामुळे पाणी संपलेले इंजिन तसेच दामटले तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅस्केट उडते. बीड सहसा वाकत नाही. मात्र तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर दोन झडपांच्या मधोमध बारीक तडा जातो. तो वेल्डिंगने सांधणे अवघड असते. ॲल्युमिनियमवर आर्गन वेल्डिंग करून, फेस मारून (पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून) हेड पुन्हा वापरता येते.

अमेरिकेत शेव्हर्लेच्या जुन्या व्ही-8 इंजिनांवर ताकद वाढवण्यासाठी व वजन घटवण्यासाठी बाहेरच्या कंपन्यांची ॲल्युमिनियम हेड बसवतात. ट्रॅक्टरला त्याचा उपयोग नाही: तिथे वजन चाकांच्या पकडीसाठी हवेच असते. शिवाय बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ॲल्युमिनियम लवकर खाल्ले जाते, म्हणून रेडिएटरमध्ये कूलंटच घालावे. हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी मूळ बिडाचे हेडच योग्य. कोणतेही हेड असो, बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत.