वेल आला, माशी मागे राहिली

गोव्याशी सोयरीक असलेल्या आपल्या भागातल्या अनेक घरांत गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. तिला टांगलेल्या एकेका वस्तूचे मूळ गाव शोधायला बसलो तर मोठी गंमत होते. कवंडाळ, कांगणे, सुपारीचा घोस ही आपल्याकडचीच मंडळी. पण शेजारी लटकणारा तांबडा भोपळा, अननस, पेरू, पपई ही सगळी समुद्रापलीकडून, अमेरिका खंडातून आलेली. बाप्पाच्या गळ्यातला झेंडूदेखील मूळचा मेक्सिकोचा. एकादशीच्या ताटाची तर बातच नको. बेळगावच्या बाजारातली रताळी, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, यातले काहीच पाचशे वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांच्या पणजोबांना ठाऊक नव्हते. पोर्तुगीज जहाजांतून यातले बरेच काही गोव्यात उतरले, घाट चढले आणि असे रुजले की आता त्यांना परके म्हणायला जीभ वळत नाही. चंदगड-खानापूरकडचा काजू हे त्याचे ठळक उदाहरण.

त्याच मेक्सिकोतून आलेला एक वेल मात्र असा रुजला नाही. व्हॅनिला. आइस्क्रीममुळे हे नाव लहान मुलांनाही माहीत आहे, पण ते एका ऑर्किडच्या शेंगेचे नाव आहे हे सांगितले की मोठी माणसेही चकित होतात. ऑर्किड आपल्याला नवे नाही. गुंजी-लोंढ्याच्या पट्ट्यातल्या रानात पावसाच्या तोंडावर झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढरे तुरे लोंबतात, ती सीतेची वेणी म्हणजे ऑर्किडच. या कुळात हजारो जाती आहेत. बहुतेक सगळ्या माणसाने फुलांसाठी जपल्या. फळासाठी मोठ्या प्रमाणावर लागवड झाली ती व्हॅनिलाचीच. व्हॅनिला वंशाच्या जाती आफ्रिका-आशियातही सापडतात, दक्षिण भारतातही आहेत, पण जगाच्या बाजारात चालते ती मुख्यतः मेक्सिकोकडची जात.

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याकडे, आजच्या वेराक्रूझ राज्यात, पापांत्लाचा प्रदेश आहे. तिथले तोतोनाक लोक ही शेंग पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. पुढे अ‍ॅझ्टेकांनी त्यांना जिंकले आणि कोकोच्या पेयात ही शेंग घालू लागले. सोळाव्या शतकाच्या आरंभी कोर्तेसच्या स्वारीनंतर ती स्पेनला गेली. स्पॅनिश भाषेत ‘वायनिया’ म्हणजे छोटी शेंग, त्यावरून हे नाव पडले. युरोपातल्या श्रीमंतांना वास आवडला, मागणी वाढली, वेलही नेले. काचेच्या उबदार घरांत वेल वाढले, फुललेही. शेंग मात्र धरेना. जवळजवळ तीनशे वर्षे जगाला व्हॅनिला पुरवण्याचा मक्ता मेक्सिकोकडेच राहिला, आणि त्यासाठी कोणाला पहारा ठेवावा लागला नाही.

कारण फुलाच्या रचनेत आहे. व्हॅनिलाच्या फुलात परागकण आणि त्यांना झेलणारी जागा एकमेकांपासून जेमतेम सुतभर अंतरावर असतात, पण मध्ये एक पातळ पडदा असतो. त्यामुळे वाऱ्याचा उपयोग नाही, साध्या माशीचाही नाही. मेक्सिकोच्या रानातल्या काही मधमाश्यांनाच तो पडदा उचलून आत शिरण्याची हातोटी आहे (नेमकी कोणती माशी, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही). जहाजात वेलाची कांडी चढली, माशी मागेच राहिली. शिवाय फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्यात काम झाले नाही तर ते गळून पडते.

१८३६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे चार्ल्स मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून शेंगा धरवल्या. पण त्याची रीत बागेत रोज शेकडो फुलांवर करण्याजोगी नव्हती. ती सापडली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, १८४१ मध्ये, एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला. एडमंड गुलाम होता. जन्मताच आई गेलेली. बेलिये-बोमाँ नावाच्या फ्रेंच मळेवाल्याने त्याला बागेत बरोबर फिरवून झाडांची माहिती दिली होती, कलिंगडाच्या वेलावर हाताने फूल फळवायचे कसे तेही दाखवले होते. या मळेवाल्याकडे व्हॅनिलाचा एक वेल वीसेक वर्षे वांझ उभा होता. एका सकाळी त्याला त्यावर दोन शेंगा दिसल्या. एडमंड म्हणाला, मी धरवल्या. मालकाचा विश्वास बसेना. मग पोराने करून दाखवले.

आजही तीच रीत आहे. डाव्या हातात फूल धरायचे, बांबूच्या काडीने किंवा माडाच्या हिराने तो पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग खाली दाबून द्यायचा. सरावाचा माणूस सकाळच्या चार-पाच तासांत हजारभर फुले करतो. एका फुलाला एकच शेंग. घोसात पंधरा-वीस फुले असली तरी आठ-दहाच फळवायची, नाहीतर वेल दमतो.

एडमंडला मळ्यामळ्यांतून ही रीत शिकवायला फिरवले. काही दशकांतच रियुनियनने मेक्सिकोला मागे टाकले आणि तिथून ही शेती मादागास्करला गेली. आज जगातली बहुतेक व्हॅनिला मादागास्करची. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा एडमंडला ‘आल्बियस’ हे आडनाव मिळाले. त्याच्या शोधातून बेट गब्बर झाले, त्याला मात्र काही मिळाले नाही. एका चोरीच्या प्रकरणात तो तुरुंगात गेला. जुन्या मालकाने रदबदली केल्यावर लवकर सुटला. एका नावाजलेल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ही रीत आपणच शिकवली असा दावा केला, तेव्हाही एडमंडची बाजू लेखी मांडली ती बेलिये-बोमाँनेच. १८८० मध्ये एडमंड दारिद्र्यात वारला. गुलामाचे श्रेय मालकाने जाहीरपणे मान्य केल्याचे उदाहरण त्या काळात विरळा, एवढे श्रेय बेलिये-बोमाँला द्यायला हवे.

आता आपल्या शेजारी येऊ. लोंढा ओलांडून उत्तर कन्नडमध्ये, ज्याला आपली जुनी माणसे अजून कारवार जिल्हाच म्हणतात, शिरले की यल्लापूर-शिरसीकडे सुपारीच्या बागा लागतात. सावली, ओल, पालापाचोळ्याची कुजलेली माती, चढायला खोड. व्हॅनिलाला हवे ते सारे तिथे आहे. भारतात या पिकाचे प्रयोग वायनाडमध्ये पूर्वीच झाले होते. मसाला मंडळाने १९९० च्या दशकात त्याला उत्तेजन दिले. ज्या गिरिपुष्पावर वेल चढवतात तेही अमेरिकेतलेच झाड.

मग एप्रिल २००० मध्ये मादागास्करवर हुडा नावाचे चक्रीवादळ आले. मळे झोडपले गेले, भाव चढू लागले. २००३ च्या सुमारास तयार शेंगेचा भाव किलोला पाचशे डॉलरपर्यंत गेला. कर्नाटक-केरळात हिरव्या शेंगेला किलोमागे तीन हजार रुपयांहून अधिक मिळू लागले. वेलाच्या कांड्याही मोल देऊन विकल्या जात. रात्री वेल चोरीला जात म्हणून बागांवर राखण बसली. दोन वर्षांत सारे कोसळले. मादागास्करचे पीक सावरले, मोठ्या कंपन्या दरम्यान कृत्रिम वासाकडे वळल्या होत्या आणि हिरव्या शेंगेला शंभर रुपयेही मिळेनात. हा कृत्रिम वास काही नवा नव्हता. हारमान आणि टीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो १८७४ मध्येच बनवला होता.

या शेतकऱ्यांना लोभी म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. कांडी लावल्यापासून पहिले फूल यायला तीन वर्षे, शेंग पिकायला आठ-नऊ महिने. चढा भाव पाहून लावलेल्याची पहिली शेंग हाती येईपर्यंत बाजार उतरलेला असणार, हा हिशेब पिकाच्या अंगातच आहे. त्यात सगळे वेल कांड्यांपासून वाढवलेले, म्हणजे एकाच रक्ताचे. मूळकूज एका वेलाला लागली की बागभर फिरते.

हिरव्या शेंगेला वास नसतो, हेही पुष्कळांना माहीत नसते. ती साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तीन मिनिटे बुडवतात, लोकरी घोंगडीत गुंडाळून घाम आणवतात, रोज थोडे ऊन देतात, मग महिनोन्‌महिने सावलीत आणि पेटीत मुरवतात. सहा किलोची जेमतेम एक किलो उरते, काळी, तेलकट, लवचिक. जो हिरवा माल विकून मोकळा झाला तो पडलेल्या भावाबरोबर पडला. ज्याने घरी मुरवला त्याला निदान थांबता आले, कारण नीट मुरलेली शेंग लवकर खराब होत नाही.

२०१७ मध्ये मादागास्करवर पुन्हा मोठे वादळ आले, भाव पुन्हा गगनाला भिडले आणि काही वर्षांत पुन्हा उतरले. आपल्यापैकी कोणाच्या कुळागरात एखादा जुना वेल सुपारीवर उंच गेलेला असेल, तर तो खाली ओढून वळवून सोडावा. सरळ वर जाणारा वेल सहसा फुलत नाही, लोंबता फुलतो. फुले थंडी सरताना येतात. पोपटी रंगाची, पानांत सहज न दिसणारी. ती सकाळी दहाच्या आत शोधावीत, हातात हीर घेऊन.