सर्व्हे नंबर ते आधार: लोहगावच्या दारातल्या ओळखपत्राची गोष्ट

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोलताना घेतलेले अडखळे काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय वरवर अगदी किरकोळ आहे. देशातल्या देशात विमानानं जायचं तर विमानतळाच्या दारात कुठला कागद चालतो? पुण्यामुंबईत वाढलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही वाटणार नाही. खिशात लायसन असतं, मोबाईलमध्ये आधार असतं, झालं. पण बारामती-इंदापूरकडच्या साठी-सत्तरीच्या बाईचे कागद एकदा टेबलावर मांडून बघा. रेशनकार्डावर सोनाबाई, मतदान कार्डावर सोनुबाई, आधारवर नुसतंच सोना, आणि मुलानं बंगळुरूहून काढलेल्या तिकिटावर मधलं नाव आडनावाच्या जागी गेलेलं. गेटवरचा सीआयएसएफचा जवान तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळवून बघतो. त्याचं काम तेवढंच. ही बाई कोण, हे अख्ख्या गावाला माहीत असतं, पण गाव काही लोहगावला आलेलं नसतं.

हे असं का झालं, हे समजून घ्यायला आपण जरा मागं जाऊ. जरा म्हणजे १८३५ पर्यंत. आणि गंमत बघा, त्यासाठी इंदापूर सोडायचीही गरज नाही.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांना सगळ्यात आधी हवा होता शेतसारा. १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा असा हिशेब बसवला. कागदावर फार शास्त्रशुद्ध होता तो. प्रत्यक्षात मोजणीत घोळ होते, आकारणी झेपणारी नव्हती, आणि इंदापूरसारख्या कमी पावसाच्या भागात कित्येकांनी जमिनी टाकून दिल्या. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर लेफ्टनंट यांनी नव्यानं काम सुरू केलं, ते इंदापूर तालुक्यात. जमिनीचा रंग आणि मातीची खोली बघून नऊ प्रती ठरवल्या. एका बैलजोडीला झेपेल एवढा तुकडा म्हणजे एक नंबर, हे तत्त्व धरलं. हद्दीला बांध आणि दगड. दर तीस वर्षांसाठी पक्का. १८३६ ला हा बंदोबस्त लागू झाला, आणि पुढं १८४७ च्या संयुक्त अहवालानं तीच पद्धत मुंबई इलाख्याची पद्धत म्हणून नियमात बांधली गेली.

आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, तो या घराण्यातला. पुढं १९०३ चा हक्कनोंदीचा कायदा आला, १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला, सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, गाव नमुना सात आणि बारा एकत्र होऊन सातबारा झाला. म्हणजे इंदापूरच्या माळरानावरच्या मुरमाड तुकड्यालासुद्धा जवळपास दोनशे वर्षांपूर्वी सरकारी नंबर मिळाला. त्यावर राबणाऱ्या माणसाला स्वतःचा असा नंबर मिळायला २०१० उजाडावं लागलं. सरकारला जमीन ओळखायची होती, कारण सारा जमिनीवर होता. माणूस कोण, हे पाटील-कुलकर्ण्यांना ठाऊक असलं की भागत होतं.

मग त्या काळात माणूस कागदावर स्वतःला सिद्ध कसा करायचा? तर निशाणीनं. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगराची. खतावर नाव लिहिणारा दुसराच, खाली नांगराचं चित्र, आणि शेजारी साक्षीदार. वर काय लिहिलंय हे नांगर काढणाऱ्याला वाचता येत नव्हतं. माझ्या मते आजच्या आपल्या विषयाचं खरं दुखणं इथंच सुरू होतं. तुमच्याबद्दल कुणीतरी दुसरा लिहितो, आणि त्याचे परिणाम तुम्ही भोगता.

याचा स्फोट झाला तोही आपल्याच भागात. सुपे, आज बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडी तालुक्यात. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. अमेरिकेतली यादवी संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, इंदापूरचा तीस वर्षांचा बंदोबस्त १८६७ मध्ये संपून सारा वाढला होता, सावकारांची खाती फुगली होती. लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडली. पण दंगल पुढं पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरत गेली तेव्हा तिचं एक वैशिष्ट्य दिसलं. लोकांना मुख्यतः हवे होते कागद. कर्जखतं, रोखे, हुकूमनामे. ते दिले तर बऱ्याच ठिकाणी माणसाला हात लावला नाही. कागद मात्र जाळले.

त्यावर सरकारचं उत्तर होतं आणखी कागद. हे मी उपहासानं म्हणत नाही, ते उत्तर बऱ्यापैकी शहाणपणाचं होतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानं पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचं कर्जखत ग्राम निबंधकासमोर लिहिलं गेलं पाहिजे असं ठरलं. खत वाचून दाखवायचं, व्यवहार खरा आहे का विचारायचं. कागद सुधारायचा उपाय म्हणून कागदाला साक्षी असणारा अधिकारी.

आता मधली पन्नास-साठ वर्षं उडी मारू. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आलं, मुंबईत १९४३ मध्ये, आणि त्याच्यासोबत रेशनकार्ड. बहुतेक घरांमध्ये बाईचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं ते इथं, कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली, नात्याच्या रकान्यात 'पत्नी' म्हणून. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी, पांढरी अशी तिरंगी कार्डं झाली. गॅस असो, शाळाप्रवेश असो, कुठल्याही दाखल्याला पहिली मागणी रेशनकार्डाची. विमानतळावर मात्र ते चालत नाही. ते घराचं कार्ड आहे, माणसाचं नाही.

दुसरा कागद शाळा सोडल्याचा दाखला. इथं जरा थांबू, कारण या दाखल्यानं महाराष्ट्राला एक सामुदायिक वाढदिवस दिलाय. १ जून! जन्माची नोंद सक्तीची करणारा केंद्रीय कायदा १९६९ चा, आणि तो गावागावात मुरायला आणखी बराच काळ गेला. तोवर पोरगं शाळेत न्यायचं, गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगणार, लागला हात की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून तारीख १ जून. तुमच्या घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांचे वाढदिवस तपासा, मी काय म्हणतोय ते कळेल. जी शाळेतच गेली नाहीत, आणि त्यात बायका किती होत्या हे वेगळं सांगायला नको, त्यांना ही उसनी तारीखही मिळाली नाही. आधार काढताना पुरावा नसेल तर सांगितलेल्या वयावरून वर्ष काढतात आणि १ जानेवारी धरतात. म्हणून एकाच घरात नवऱ्याचा वाढदिवस १ जून आणि बायकोचा १ जानेवारी.

१ जून ही तारीख विमानाच्या इतिहासातही येते, हा निव्वळ योगायोग. त्याआधी विमानाकडं वळू.

जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. १९५३ ला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि इंडियन एअरलाइन्स आली. त्या काळात विमानात बसणारा माणूस इतका मोजका होता, की हातातलं कागदी तिकीट हीच त्याची ओळख. सुरक्षेचा विचार आला तो अपहरणांमुळं. सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून निघालेलं विमान लाहोरला नेलं गेलं, त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा विभाग सुरू झाला. त्याच वर्षी २० डिसेंबरला दोन तरुण काँग्रेस कार्यकर्त्यांनी खेळण्यातलं पिस्तूल दाखवून विमान वाराणसीला नेलं. मागणी, इंदिरा गांधींना सोडा. दोघं पुढं १९८० ला उत्तर प्रदेशात आमदार झाले. असो. १९८५ च्या कनिष्क बॉम्बस्फोटानंतर, १ एप्रिल १९८७ ला, हा विभाग स्वतंत्र ब्युरो झाला. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी ८१४ कंदाहारला नेलं, आणि फेब्रुवारी २००० पासून, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळांच्या दारात सीआयएसएफ उभं राहिलं.

पण ओळखपत्राचं महत्त्व वाढलं ते फक्त भीतीमुळं नाही, असं मला वाटतं. २००३ मध्ये एअर डेक्कन आली, तिकिटं स्वस्त झाली, आणि विमानात अशी माणसं बसायला लागली ज्यांना कंपनीतलं कुणी ओळखत नव्हतं. त्यात १ जून २००८ पासून जगभरातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेनं कागदी तिकीट बंद केलं. ई-तिकीट म्हणजे काय, कुठल्याही सायबर कॅफेतली प्रिंट. कागदाची किंमत गेली, तेव्हा सगळा भार आला माणसाच्या कार्डावर.

आणि नेमकं ते कार्डच आपल्याकडं उशिरा आलं. टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये फोटोच्या मतदान कार्डाचा आग्रह धरला, ते गावागावात पोचलेलं पहिलं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र. त्यातल्या नावांच्या चुका आजही लोक निस्तरतायत. पॅन कार्ड शेतकऱ्याला लागायचं नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. लायसन पुरुषांकडं, एमएच ४२ च्या गाड्या चालवणाऱ्यांकडं. पासपोर्ट परदेशी गेलेल्याच्या घरात. मग २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातलं पहिलं आधार एका आदिवासी बाईला दिलं गेलं. इंदापूर ते टेंभली, जमिनीच्या नंबरापासून माणसाच्या नंबरापर्यंत, दोन्ही टोकं महाराष्ट्रातच.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरक्षा ब्युरोनं देशांतर्गत प्रवासाला चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी स्पष्ट केली. पासपोर्ट, मतदान कार्ड, आधार किंवा मोबाईलमधलं एमआधार, पॅन, लायसन, नोकरीचं आणि विद्यार्थ्याचं कार्ड, पेन्शनचं आणि अपंगत्वाचं फोटो असलेलं कार्ड. आणि फोटो असलेलं बँक पासबुक, पण राष्ट्रीयीकृत बँकेचं. हा एक शब्द आमच्या भागाला बोचतो. इथं पीककर्ज जिल्हा बँकेचं, उसाचं बिल अनेकांचं जिल्हा बँकेत, तीन पिढ्यांचा व्यवहार सहकारातला. त्या पासबुकाचं यादीत नाव नाही.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी हसू नये. तिकडं 'रिअल आयडी'चा कायदा २००५ मध्ये झाला आणि विमानतळावर लागू व्हायला ७ मे २०२५ उजाडला. वीस वर्षं! तिथल्या मराठी माणसाची सोय एवढीच, की भारताचा पासपोर्ट तिथं देशांतर्गत प्रवासालाही चालतो.

इकडं तोवर डिजियात्रा आली, १ डिसेंबर २०२२ ला, आणि २०२३ मध्ये पुण्यालाही. चेहरा दाखवा आणि आत जा. सक्तीची नाही. पण त्याच्या मुळाशीही आधारवरचंच नाव आहे, म्हणजे चूक असेल तर चेहऱ्यासोबत तीही आत येते. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, त्यामुळं महा ई-सेवा केंद्रात घाईत टाईप करून घेऊ नका, स्क्रीन फिरवून घ्या आणि स्वतः वाचा. १८७९ च्या कायद्यानं ग्राम निबंधकाला खत वाचून दाखवायला लावलं होतं, इथं ते काम आपलं आपण करायचं.

तिकीट काढणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं. आईचं नाव आठवणीतून टाकू नका, तिच्या कार्डाचा फोटो मागवा आणि अक्षर न् अक्षर तसंच टाका, चुकीचं असलं तरी तसंच. लग्नाआधीचं नाव दाखल्यावर आणि नंतरचं आधारवर असेल तर प्रवासाला ज्या कार्डावर जायचंय त्याचंच नाव तिकिटावर. दोन-तीन अक्षरांची दुरुस्ती बहुतेक कंपन्या करून देतात, माणूस बदलून देत नाहीत. आईवडिलांसोबत जाणाऱ्या लहान मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही. आणि ज्यांच्याकडं खरोखरच यादीतलं काहीच नाही, त्यांच्यासाठीही वाट ठेवलेली आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्यानं फोटो लावून दिलेलं प्रमाणपत्र चालतं. तहसीलदार त्यात बसतात. फक्त निघायच्या आदल्या दिवशी जाऊ नका, आणि गेलात तर दोन फोटो न्या.