उमेदवाराची श्रद्धा आणि मतपेटी : सिलोन, १९५६

बुद्धपरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षाचा महोत्सव १९५६ साली बौद्ध जगतात अनेक ठिकाणी साजरा झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. मात्र त्याच्या सहा महिने आधी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, धम्म निवडणुकीच्या रिंगणात उतरविला गेला होता. नवदीक्षित समाजाने तो इतिहास अभ्यासणे अगत्याचे आहे.

एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांचा जन्म १८९९ साली सधन अँग्लिकन ख्रिस्ती घराण्यात झाला. ऑक्सफर्ड येथील शिक्षण आटोपून ते मायदेशी परतले व पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९३१ च्या डोनोमोर राज्यघटनेने सार्वत्रिक प्रौढ मताधिकार दिला होता आणि बहुसंख्य मतदार बौद्ध होते. त्या काळात धर्मांतर करणाऱ्या पुढाऱ्यांना लोक उपहासाने 'डोनोमोर बौद्ध' म्हणत. कोणाच्याही अंतःकरणातील श्रद्धा मोजण्याचे माप इतिहासकाराजवळ नसते. ती श्रद्धा प्रचारात कशी वापरली गेली, एवढेच त्याला तपासता येते.

बौद्धांची गाऱ्हाणी खरी होती. वसाहतकाळात शिक्षणसंस्थांवर मिशनऱ्यांचे वर्चस्व राहिले आणि सरकारी नोकऱ्या इंग्रजी जाणणाऱ्या अल्पसंख्य वर्गाच्या हाती गेल्या. अखिल सिलोन बौद्ध काँग्रेसच्या चौकशी समितीने फेब्रुवारी १९५६ मध्ये आपल्या अहवालात ही गाऱ्हाणी मांडली. 'एक्सथ भिक्खु पेरमुण' या भिक्खूंच्या आघाडीने बंदरनायके यांच्यासाठी गावोगाव प्रचार केला. केलनिय विहाराचे प्रमुख बुद्धरक्खित हे तिचे सूत्रधार होते.

प्रतिस्पर्धी पंतप्रधान सर जॉन कोतलावल हेही बौद्धच होते. म्हणून वाद 'खरा बौद्ध कोण' यावर आला. एका प्रचारचित्रात कोतलावल मारसेनेसह हत्तीवरून बुद्धमूर्तीवर चाल करून येताना दाखविले होते. अट्ठकथांतील मार गिरिमेखल हत्तीवर आरूढ असतो आणि कोतलावलांच्या युनायटेड नॅशनल पार्टीचे चिन्हही हत्तीच होते. परंतु सुत्तनिपातातील पधानसुत्तात मारसेना म्हणजे काम, अरति, तृष्णा इत्यादी चित्तविकार होत. आपल्याच चित्तात जिंकावयाचा मार त्या चित्राने विरोधकाच्या अंगावर चढविला.

एप्रिलमधील मतदानात ९५ पैकी ५१ जागा बंदरनायके यांच्या आघाडीस मिळाल्या. सत्ताधारी पक्षाच्या हाती अवघ्या ८ उरल्या. वचनाप्रमाणे त्याच वर्षी सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि तमिळ प्रजा दुरावली. चूक उमगून बंदरनायके यांनी १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी त्यांच्या निवासस्थानी ठाण मांडले आणि तो करार त्यांना मोडावा लागला. पुढील महिन्यात भीषण दंगली उसळल्या. २५ सप्टेंबर १९५९ रोजी सोमाराम नावाच्या चीवरधारी भिक्खूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. या कटात न्यायालयाने बुद्धरक्खितांना दोषी ठरविले. मरणासन्न बंदरनायके यांनी मारेकऱ्यावर सूड उगवू नये, अशी विनंती केली होती. त्यांच्या श्रद्धेची साक्ष शोधावयाची तर ती प्रचारसभांपेक्षा या विनंतीत अधिक सापडेल.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात लोक एकत्र येऊन आपल्यातील योग्य पुरुषाची निवड करतात. महाजनांना संमत, म्हणून तो 'महासम्मत'. दंडनीयास दंड करावा व त्याबद्दल धान्याचा वाटा घ्यावा, हे त्याचे काम. त्याची उपासना कोणती, हे तेथे कोणी विचारीत नाही. त्याचे देखणे, प्रसन्न रूप व प्रभाव पाहिला जातो. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता, तो याच दिशेचा आहे.

निवडणूक जवळ आली की आपल्या विहारांतही उमेदवार पुष्पे वाहून जातात. त्यांस अडविण्याचे कारण नाही. पण मत देताना त्यांच्या वंदनेची नव्हे, तर त्यांनी केलेल्या कामाची पारख करावी. शेजारी बौद्ध राष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत मोजून आपल्यासमोर ठेवला आहे.